शिंगरू अचानक लंगडायला लागलं, पायाला तर काहीच दिसत नाही

प्रश्न: आमचं दीड वर्षाचं शिंगरू कालपासून पुढचा डावा पाय टेकवतच नाहीये, सूज नाही, जखम नाही. पेनकिलर देऊन बघू का?

उत्तर: थांबा, आधी खूर बघा! असं एकदम लंगडणं बऱ्याचदा खुराच्या आत पू झाल्यामुळे असतं. दोन्ही पुढच्या खुरांवर हात ठेवा, दुखरा जास्त गरम लागतो, आणि घोट्याच्या मागे बोटं टेकवली तर नाडी ठणठण उडताना कळते. मग तळवा ब्रशने साफ करून खडा, खिळा, काळा ठिपका शोधा. खिळा दिसला तर उपटू नका प्लीज, तो किती आत गेलाय हे डॉक्टरांना एक्सरेत बघू दे. पू तेच काढतील, स्वतः सुरी लावायची नाही, मोकळा झाला की बहुतेक लवकर आराम पडतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं मात्र नक्की विचारा, घोड्यांना तो फार पटकन होतो. पेनकिलर मनाने नको, दुखणं झाकलं जातं आणि हाड मोडलेलं असलं तर ते पिल्लू त्याच पायावर पळत सुटेल. तोवर कोरड्या जागी बांधा, आणि पुढे दर 6 ते 8 आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्या.