जाहिराती आणि इंटरनेट समाजाला घडवतात, की समाज असतो तसाच त्यांत दिसतो?

तुम्ही शिक्षिका आहात आणि नववीच्या वर्गाला हे समजावून सांगायचंय असं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी कोल्हापूरचा, धंद्यानं पेंटर. आधी ब्रश, २००६ पासून फ्लेक्सची मशीन. लोकांच्या डोळ्यांसमोर काय यावं, त्या कामात माझा हात जवळपास चाळीस वर्षं आहे.

१९८७ साली मी चौदा वर्षांचा होतो, आण्णांच्या हाताखाली रंगाचा डबा धरायचो. गंगावेशीतून पन्हाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका भिंतीचं काम आलं. चुना मारून झाला, निळीत भिजवलेली दोरी ताणून रेषा पाडून झाल्या, आणि मग काम देणाऱ्याचा माणूस मजकुराची चिठ्ठी घेऊन आला. गर्भजल तपासणी, मुलगा की मुलगी ते आधीच कळेल, आणि खाली पत्ता. तेव्हा असल्या जाहिरातीला कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबईत तर आज थोडे पैसे घाला आणि उद्याचा हुंडा वाचवा अशा अर्थाचे फलक उघड लागत होते. आण्णांनी चिठ्ठी दोनदा वाचली, इसाराचे पैसे खिशातून काढून त्या माणसाच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "मला दोन पोरी हायत. ह्या हातानं हे व्हायचं न्हाई." चुन्याचे पैसेही मागितले नाहीत.

चार दिवसांनी दुसऱ्या पेंटरनं ती भिंत रंगवली, आम्ही पाडलेल्या रेषांवरच. पण पुढं जे झालं ते मला जास्त आठवतं. पंधरा-वीस दिवसांत कुणीतरी रात्रीतून पत्त्यावर शेण फासलं. धुऊन काढलं तर पुन्हा फासलं. तिसऱ्या वेळी घरमालकानंच भिंत देणं बंद केलं. कोण फासत होतं ते कधी कळलं नाही. आई म्हणायची, त्या रस्त्यानं सकाळी शेणाची पाटी घेऊन जाणाऱ्या बायका काय थोड्या आहेत का.

मुलगाच हवा ही हाव त्या भिंतीनं आणली नव्हती, ती घराघरांत आधीपासून होती. भिंतीनं तिला पत्ता दिला, दर दिला, आणि चारचौघांत तसं बोलायची लाज काढून टाकली. १९८८ साली महाराष्ट्रानं अशा तपासण्यांविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्यात जाहिरातीवरही बंदी आली. तरी २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली निघाल्या ८३९, पन्हाळा तालुक्यात त्याहून कमी. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात. हा आकडा मला आजही शांतपणे वाचता येत नाही. त्यात डॉक्टरांचा हात आहे, सासू-सासऱ्यांचा आहे, हुंड्याचा आहे, आणि माझ्या धंद्याचाही आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी समाज की आधी जाहिरात, हा वाद वर्गात घालू नका. तो संपत नाही आणि मुलं कंटाळतात. त्यांना एवढंच विचारा: मजकूर देणारा आणि तो वाचणारा यांच्या मध्ये 'नाही' म्हणू शकणारी माणसं किती होती? त्या भिंतीपाशी मोजा. पेंटर, घरमालक, आणि येता-जाता तेच अक्षर वाचणारी अख्खी पेठ.

मधली माणसं सगळी आण्णांसारखी असतात असं मात्र त्यांना शिकवू नका, ते खरं नाही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले आणि त्याच मार्चमध्ये आपल्या संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांचं नेतृत्व जाहीरपणे मानलं. त्याच 'मूकनायक'ची साधी जाहिरात 'केसरी'नं पैसे देऊ केले तरी छापली नाही. तिथंही मधल्या माणसानं 'नाही'च म्हटलं होतं. ज्यांना लिहायला-बोलायला जागाच नव्हती त्यांच्यासाठी ते 'नाही' म्हणजे बंद दार होतं. आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उलटा प्रकार उघडकीला आला: उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमी म्हणून छापली गेली. जिथं 'नाही' म्हणायचं तिथं दरपत्रक तयार होतं. असल्या बातम्यांची चौकशी करायला प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली होती.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती कुठल्या पुस्तकात मला दिसली नाही. ब्रशच्या काळात अक्षर स्वस्त आणि चेहरा महाग होता. फळ्यावर चौकोन पाडून एक तोंड उतरवायला दोन दिवस जायचे, आणि डोळा जमला नाही तर सगळं पुसून पुन्हा. त्यामुळं चेहरा कुणाचा काढायचा हे लोक विचार करून ठरवायचे. देव, महाराज, सिनेमाचे नट, मोठा पुढारी, एवढेच. बाबूराव पेंटरांच्या गावात तर चेहरा काढणं ही साधना होती. नाटकांचे पडदे रंगवणारा तो माणूस, स्वतः कॅमेरा बनवून सिनेमा उभा केला आणि त्याची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्या पोस्टरपुढं माणूस उभा राहायचा तो चेहऱ्यासाठी.

फ्लेक्स आला आणि चेहरा अक्षराच्याच भावात पडायला लागला. दर फुटावर. मग फुटात चार तोंडं बसवा की चाळीस. पहिल्या वर्षी मला लई आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ज्या पोराच्या बापाचा फोटो रेशनकार्डाशिवाय कुठं लागला नव्हता, ते पोरगं आपल्या चौकात दहा फुटी फ्लेक्सवर हसत होतं. त्यात एक न्यायही होता. पण दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईकांचं बोलणं बदललं. मजकूर कुणी वाचेना. आपला फोटो वरच्या ओळीत आहे का, दुसऱ्यापेक्षा बारका झालाय का, एवढंच बघायचे. तालमीतली सख्खी दोस्त पोरं फोटोच्या आकारावरून माझ्या दुकानात हमरीतुमरीवर आलेली मी सोडवली आहेत. आज ज्याला सगळे 'भाऊ' म्हणतात असा एक जण आधी फ्लेक्सवर 'भाऊ' झाला, माणसं मागून आली. त्यानं नेमकं काय काम केलंय असं मी एकदा विचारलं, तर त्याच्याच मित्रानं सांगितलं, "काम करंल की, आत्ता तर बोर्ड लागलाय." तुमच्या प्रश्नातल्या 'घडवतात' या शब्दाचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण हेच. आणि हे हातोहाती स्मार्टफोन येण्याआधीचं आहे. फोननं तोच फ्लेक्स प्रत्येकाच्या खिशात दिला.

फोन आणि भिंत यांत मोठा फरक एकच. भिंत सगळ्यांना सारखी दिसते. फोनवर मला गुडघ्याचं तेल दिसतं, मुलाला मोटारसायकल, मुलीला गोरं करणारं क्रीम. आपण पान उघडतो त्या क्षणी तिथल्या जागेचा लिलाव होतो. वय, गाव, आधी काय शोधलं, कशावर थांबलो, यावरून कुणाची जाहिरात लावायची ते यंत्र ठरवतं. चिठ्ठी दोनदा वाचणारा पेंटर तिथं नसतो. आणि शेजारच्या बाईला ती जाहिरात दिसतच नाही, तर ती शेण कशावर फासणार?

आण्णांनी सोडलेली ती जाहिरातच बघा. इंटरनेटवर ती पुन्हा उगवली. गर्भलिंग तपासणीविरुद्ध लढणारे कार्यकर्ते साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांना असे शब्द शोधल्यावर जाहिराती आपोआप अडवायला लावेपर्यंत २०१६ साल उजाडलं. आठ वर्षं. आण्णांना एक मिनिट लागलं होतं.

अफवेचंही असंच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. त्याच महिन्यात व्हॉट्सअपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वर्गाला हे जरूर सांगा. मेसेज खरा की खोटा हे यंत्राला कळलं नव्हतं, फक्त बोट दाबायला थोडा वेळ लागावा अशी सोय केली. माणसाला विचार करायला तेवढाही वेळ पुरतो कधीकधी.

कधीकधी पुरत नाही. ६ जून २०२३ ला इथं काही जणांच्या स्टेटसवरून वातावरण तापलं. ७ जूनला कोल्हापूर बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, आणि मग इंटरनेट बंद. स्टेटस म्हणजे आपल्या ओळखीच्यांना दिसणारी घरातली भिंत. तिचे फोटो काढून कुणीतरी ती गावभर नेली, आणि बघता बघता ज्याला त्या पोरांचं नावही माहीत नाही असा माणूस रस्त्यावर आला. माझ्याकडं फ्लेक्सच्या फ्रेमा ठोकणारे चाचा बावीस वर्षांपासून येतात. ते तीन दिवस आले नाहीत. नेट बंद होतं पण साधा फोन लागत होता. मी केला तर म्हणाले, "दुकान उघडू नकोस, काच नवी आहे तुझी." त्यांना स्वतःची नाही, माझ्या काचेची काळजी. हे लिहितानाही घसा भरून येतो. असलं बोलणं कधी व्हायरल होत नाही, आणि त्या तीन दिवसांत गावाला त्याचीच गरज होती.

म्हणून फोन वाईट, असं मी म्हणणार नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावता येतं: इकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि आपल्या गावाचं नाव कुठंच नव्हतं. कागदावरचं मानांकन तसंच पडून राहिलं असतं, पण लोकांनी फोनवरून इतका गलका केला की काही दिवसांत कंपनीनं प्रेरणा आपल्या चपलांची आहे हे मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. 'मूकनायक'च्या जाहिरातीला नाही म्हणणाऱ्यांसारखं इथं मध्ये कुणी नव्हतं, म्हणून हे घडलं.

आपल्या जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाच्या माधुरी हत्तिणीच्या वेळी मात्र मला दोन्ही बाजू दिसल्या. न्यायालयाच्या आदेशानं जुलै २०२५ अखेर तिला गुजरातेत जामनगरला वनतारा या प्राण्यांच्या केंद्रात नेलं आणि गावंच्या गावं रडली. वनतारा ज्या उद्योगसमूहाचं, त्याचीच सिमकार्डं लोकांनी बदलून टाकली, नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत पायी मोर्चा आला, आणि काही दिवसांत नांदणीजवळच तिच्यासाठी केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढं आला. मी त्या मोर्चाचे फ्लेक्स फुकट छापले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा छापेन. पण तिच्या पायांच्या जखमांबद्दल न्यायालयात काय आलं होतं ते वाचून प्रश्न विचारणाऱ्या आमच्याच गल्लीतल्या एका पोरीला लोकांनी ग्रुपमधून काढलं. तिचंही हत्तिणीवर प्रेमच होतं. तिला बोलू द्यायला हवं होतं, आणि मी तेव्हा गप्प बसलो, याचं मला वाईट वाटतं.

वर्गात काय करायचं ते सांगतो, आम्ही केलंय. आमच्या तालमीबाहेर एक फळा आहे, त्यावर निधनवार्ता आणि मंडळाच्या सूचना लिहितात. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदी आली, त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीत मी पोरांना म्हणालो, आज आपापल्या फोनवर दिसलेल्या पहिल्या तीन जाहिराती फळ्यावर लिहायच्या, घरातल्यांच्याही. नाव कुणी लिहायचं नाही. ही अट वर्गातही पाळा. संध्याकाळपर्यंत फळा भरला. क्रीम, रमी, प्लॉट, तेल, मुलाखतीची इंग्रजी. आणि 'पाच मिनिटांत कर्ज, फक्त आधारकार्ड' हे सात वेळा, वेगवेगळ्या अक्षरांत.

आरतीला आलेल्या एका आजींनी चष्मा सारखा करत सगळा फळा मोठ्यानं वाचला. कर्जावर थांबल्या. "ह्योच का त्यो, जो आमच्या नातवाला दिवसभर फोन करून शिव्या घालतोय?"

नातू तिथंच खडू घेऊन उभा होता. तेव्हा काही बोलला नाही. रात्री तालमीच्या पायरीवर बसून त्यानं आकडा सांगितला, आणि त्याच्यामागोमाग आणखी दोघांनी.