‘जाऊबाईंनी केली तीच करू ना, मॅडम?’

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी माझ्याकडे समुपदेशनाला येणारी बरीचशी माणसं अर्धा निर्णय घेऊनच येतात. आणि तो निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी शरीराकडे बघून घेतलेला असतो. ज्या ताईंबद्दल आज लिहिते आहे, त्याही अशाच आल्या होत्या. (त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय बेचाळीस. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 43. सहा वर्षांचा मधुमेह, गोळ्यांवर असलेला. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून रात्री मशीन लावून झोपायच्या. पर्समधून त्यांनी एक वही काढली. पानाच्या मधोमध उभी रेघ, दोन बाजूंना जठराच्या दोन शस्त्रक्रिया. डावीकडे स्लीव्ह, त्याखाली लिहिलं होतं : ‘सोपी. आतड्याला हात लावत नाहीत. जाऊबाई – 31 किलो.’ उजवीकडे बायपास : ‘मोठं ऑपरेशन. धोका जास्त.’ आणि पानाच्या अगदी तळाशी, पेन दाबून दोन शब्द. ‘मेले तर?’

“जाऊबाईंनी केली तीच करू ना, मॅडम? त्यांना काहीच त्रास नाही झाला.”

मी म्हटलं, “कोणती करायची ते तुम्ही आणि तुमचे सर्जन ठरवणार. पण त्याआधी मला तुमची रात्र सांगा. काल रात्री झोपायला गेल्यापासून सकाळी उठेपर्यंत.”

हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. दिवसाबद्दल विचारलं की माणसं खाण्याचा हिशेब देतात, तोही जरा लाजत, कमी करून. रात्रीबद्दल बोलताना कुणी सावध नसतं. ताई सांगू लागल्या. दोन उशा लागतात. कधी कधी तीन. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, मग उठून बसायचं, उशाशी ठेवलेल्या बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायचं आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचे. किती वर्षं? “झाली की सात-आठ.” सर्जनना सांगितलंत? “त्यात काय सांगायचं, ॲसिडिटी सगळ्यांनाच असते.”

सात-आठ वर्षं बसून काढलेल्या रात्री, आणि वहीत त्यांची एक ओळही नव्हती.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी होते. आतडं जागच्या जागी राहतं, हे ताईंनी बरोबरच लिहिलं होतं. पण नळी अरुंद झाली की आतला दाब वाढतो, आणि ज्यांचं आम्ल आधीच वर येतं त्यांचा त्रास वाढू शकतो. ज्यांना आधी नव्हता त्यांनाही तो नव्याने सुरू होऊ शकतो. बायपासमध्ये जठराची साधारण 30 मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आम्ल तयार करणारं मोठं जठर अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतं, म्हणून जळजळ बहुधा थांबते. फिनलंडमध्ये 240 रुग्णांमध्ये या दोन शस्त्रक्रियांची तुलना झाली. दहा वर्षांनी दुर्बिणीने तपासलं तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी 31 टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपास झालेल्यांपैकी 7 टक्के. जादा वजनापैकी सरासरी घट स्लीव्हमध्ये सुमारे 44 टक्के, बायपासमध्ये 52. वजनातला हा फरक काही फार मोठा नाही. जळजळीतला मात्र आहे.

ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे बायपासच?”

इतकं सरळ असतं तर माझी गरजच नव्हती. मी विचारलं, गुडघे दुखतात तेव्हा काय घेता? पर्सच्या दुसऱ्या कप्प्यातून गोळ्यांची पट्टी निघाली, दहातल्या सहा संपलेल्या. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. बायपासमध्ये जठर आणि आतडं जिथे जोडतात, त्या सांध्यावर व्रण होऊ शकतो, आणि या गोळ्या व धूम्रपान ही त्याची दोन मोठी कारणं. म्हणजे रात्र सांगत होती बायपास, आणि गुडघे सांगत होते स्लीव्ह. जाऊबाईंना ना रात्रीचा त्रास होता, ना गुडघ्यांचा. त्यांची निवड त्यांच्यापुरती चुकीची नव्हतीच.

त्या दिवशी आम्ही वहीचं ते पान बाजूला ठेवलं आणि नव्या पानावर दोन प्रश्न लिहिले. सर्जनसाठी : दुर्बिणीने अन्ननलिका तपासून घ्यायची का? हाडांच्या डॉक्टरांसाठी : या गोळ्या कायमच्या बंद करून नुसत्या पॅरासिटामॉलवर आणि व्यायामावर माझे गुडघे निभतील का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असतं, तर सगळा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागला असता.

तळाचे दोन शब्द राहिले होते. ‘काही होत नाही हो’ असं मी कधीच म्हणत नाही. तो धीर खोटा असतो, आणि समोरच्याला ते कळतं. मी आकडा सांगितला. अनुभवी केंद्रात पहिल्या महिन्यात दगावण्याचं प्रमाण हजारात साधारण एक, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास. टाक्यांच्या रेषेतून गळती शंभरात एखाद्याला होते. घरी गेल्यावर नाडी जोरात धावू लागली, ताप आला, पोटात किंवा खांद्यात दुखणं वाढत गेलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

“तुमचं वजन, शुगर, झोपेतला श्वास, यांच्यामुळे तुमच्या सर्जननी तुमचा धोका वेगळा मोजला असेल,” मी म्हटलं. “त्यांना थेट विचारा : तुम्ही अशा किती केल्यात, आणि त्यात गुंतागुंत कितींना झाली? चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.”

मग त्या हळूच म्हणाल्या, “मुलगी पंधराची आहे.” खरी भीती इथे होती. मी त्यांना स्वीडनमधल्या, 1987 साली सुरू झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. शस्त्रक्रिया झालेली माणसं, तशीच लठ्ठ पण शस्त्रक्रिया न झालेल्या माणसांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगली. तरी सर्वसाधारण लोकांइतकं त्यांचंही आयुर्मान नव्हतं. दोन्ही गोष्टी सांगितल्या. काही न करणं हीसुद्धा एक निवड आहे, आणि तिचाही धोका असतो. तो रोज थोडा थोडा साचतो, म्हणून दिसत नाही, एवढंच. मुलीशी त्या यातलं काहीच बोलल्या नव्हत्या. पुढच्या वेळी तिला घेऊन या, म्हटलं. ती आली आणि आईपेक्षा नेमके प्रश्न तिनेच विचारले.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचंही तिनेच विचारलं. ती परिणामकारक आहेत, पण थांबवली की वजन बहुतेकांचं परत चढतं. ताईंच्या बीएमआयला आणि मधुमेहाला एकट्या इंजेक्शनवर किती भरवसा ठेवायचा, हे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवलं. मिनी बायपासचा विषय सर्जननी काढला होता. त्यात दोनऐवजी एकच जोड असतो, वेळ कमी लागतो, पण पित्त वर चढण्याची शक्यता राहते, म्हणून यांच्यासाठी त्यांनीच तो बाजूला ठेवला.

दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला सूज आणि हायाटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, निघाला. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद करून बघू. तीन महिने बंद करून पाहिल्या. निभलं. बायपास झाला.

पहिल्या आठवड्यात ताई मला फोनवर म्हणाल्या, “मी हे का करून घेतलं?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवते : असं वाटेल, आणि ते काही आठवड्यांत ओसरेल. चौथ्या महिन्यात केस गळू लागले. तेही सांगून ठेवलं होतं, तरी रडल्या. गोड जास्त खाल्लं की धडधड, घाम, चक्कर. एकदा अनुभवल्यावर त्याच सांभाळू लागल्या. शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या, पण तपासणी चालूच आहे, कारण मधुमेह काही वर्षांनी परत डोकं वर काढू शकतो.

अकराव्या महिन्यात सर्जननी त्यांना पुन्हा माझ्याकडे पाठवलं. वजन छान उतरलं होतं, लोह मात्र खूप खाली गेलं होतं. बायपासनंतर लोह, बी12, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं, वर्षातून किमान एकदा रक्त तपासावं लागतं. हे सगळं त्यांना पाठ होतं. तरी दोन महिने गोळ्या बंद होत्या.

मी रागावले नाही. का थांबवल्या, एवढंच विचारलं. बराच वेळ त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “शुगरच्या गोळ्या सुटल्या तेव्हा वाटलं, आता मी आजारी नाही. ही डबी उघडली की परत पेशंट झाल्यासारखं वाटतं.”

तो सगळा तास आम्ही त्या डबीवरच बोललो. ती औषधांच्या कपाटात असायची, जुन्या शुगरच्या गोळ्यांशेजारी. ताईंनीच ठरवलं : कपाटातून काढायची आणि दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवायची. लोह सकाळी, कॅल्शियम रात्री, कारण दोन्ही एकत्र घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. पुढची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी आहे.