पॉवर बार घेताना : पीएसआय, व्यास आणि हार्डनिंग

पॉवरलिफ्टिंगच्या बारबद्दल, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेटा लावून उचलायच्या पोलादी दांड्याबद्दल, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. २८ मिमी व्यासाचा २,१०,००० पीएसआयचा (दर चौरस इंचाला पौंड, पोलादाच्या ताकदीचं माप) बार घ्यावा की २९ मिमीचा १,९०,००० चा? पीएसआय जास्त म्हणजे बार जास्त ताठ का? आणि सिंहगड रोडवरच्या तुमच्या गॅरेज जिमसाठी भोसरीत एखाद्या लेथवाल्याकडून बार करून घेतला तर स्वस्तात भागेल का? मी भोसरी एमआयडीसीत वीस वर्षं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक (हार्डनिंग) वगैरे करायचं काम करतो आणि स्वतः लिफ्टिंग करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२९ चा घ्या. पीएसआयचा आणि ताठपणाचा संबंध नाही. दुकानात हेच सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं. एमएस (साधं माइल्ड स्टील) असो, ईएन २४ (हार्डनिंग होणारं मिश्र पोलाद) असो की स्टेनलेस, पोलादाचा यंग्ज मॉड्युलस (धातूच्या ताठपणाचं माप) २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. हार्डनिंग करून तो वाढत नाही. बार किती लवणार हे व्यासावर ठरतं, तेही व्यासाच्या चौथ्या घातावर. त्यामुळे एका मिमीने फार फरक पडतो : २८ पेक्षा २९ चा बार साधारण १५ टक्के जास्त ताठ. डेडलिफ्टचा खास २७ मिमीचा बार २९ च्या तुलनेत २५ टक्क्यांनी मऊ, म्हणून प्लेटा जमिनीवरून सुटायच्या आधीच त्याची कमान होते. ३२ चा स्क्वॉट बार तर २९ च्या जवळजवळ दीडपट ताठ. आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या) नियमात २८ ते २९ मिमी चालतो, म्हणजे तुमचे दोन्ही बार नियमात बसतात. पण जड स्क्वॉट घेऊन दोन पावलं मागे येताना खांद्यावर बार डुलला की काय वाटतं ते एकदा अनुभवलं, की माणूस २९ च मागतो.

मग पीएसआय कशासाठी? लवलेला बार पुन्हा सरळ व्हावा यासाठी. छापलेला आकडा बहुतेक वेळा टेन्साइलचा असतो, म्हणजे तुटण्याचा. आपल्या कामाची खरी गोष्ट यील्ड. ती ओलांडली की बार कायमचा वाकला. विक्रेत्याला यील्डच विचारा.

एक हिशोब करून बघा. २२० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे दोन्ही बाजूंना १०० किलो. हात आणि प्लेटा यांच्यात अर्धा मीटर अंतर धरलं तर २९ मिमीच्या बारमध्ये सुमारे २०५ मेगापास्कल ताण येतो. साध्या एमएसची यील्ड २५० च्या आसपास. वाटेल, चाललं की! पण भार एकदम पडला तर ताण निदान दुप्पट होतो, आणि फेल गेलेला स्क्वॉट रॅकच्या सेफ्टी पिनवर (बार अडवणाऱ्या आडव्या दांड्यांवर) आदळला तर त्याहून जास्त. शिवाय नर्लिंगची (पकडीसाठी बारवर काढलेल्या खरखरीत नक्षीची) प्रत्येक खाच ताण गोळा करते, आणि हे सगळं वर्षानुवर्षं हजारो वेळा होतं. १,९०,००० पीएसआय म्हणजे सुमारे १,३१० मेगापास्कल. एवढं मोठं अंतर राखावं लागतं ते यासाठी.

आता भोसरीच्या लेथबद्दल. आम्ही चौघांनी हे करून पाहिलंय. ईएन २४ चा रॉड आणला, टर्निंग केलं, नर्लिंग काढलं आणि हार्डनिंगला एका ओळखीच्या शॉपमध्ये टाकला. त्यांच्याकडे आडवी भट्टी होती. दीड बोटाएवढा जाड आणि माणसापेक्षा लांब रॉड आडवा तापवून तेलात टाकला की तो केळीसारखा वाकून बाहेर येतो. असले लांब शाफ्ट पिट फर्नेसमध्ये (खड्ड्यासारख्या खोल भट्टीत) उभे टांगून करायचे असतात. मग प्रेसवर ठोकून सरळ केला. दिसायला सरळ झालाही, पण आतला ताण तसाच राहिला. स्ट्रेटनिंगनंतर स्ट्रेस रिलीव्हिंग (पुन्हा तापवून आतला ताण काढणं) करायला हवं होतं, ते कुणी केलं नाही. दोन महिन्यांच्या स्क्वॉटनंतर बार पुन्हा वाकडा! चूक पोलादाची नव्हती. चांगल्या बारची किंमत धातूपेक्षा या मधल्या पायऱ्यांची असते. एका बारसाठी त्या सगळ्या नीट करून घेणं परवडत नाही.

प्लेटिंगचंही (गंजू नये म्हणून दिलेल्या धातूच्या मुलाम्याचंही) तसंच. इतक्या कडक पोलादावर इलेक्ट्रोप्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. त्यावर उपाय म्हणजे प्लेटिंग झाल्या झाल्या २०० अंशांच्या आसपास काही तास बेकिंग. ते झालंय की नाही हे वरून कळत नाही, आणि झालं नसेल तर बार न वाकता एक दिवस सरळ तुटू शकतो. म्हणून बार घेऊन कोपऱ्यावरच्या प्लेटिंगवाल्याकडे कधीही जाऊ नका. पावसाळ्यात गॅरेजमध्ये ओल येणारच. बजेट असेल तर स्टेनलेस, नाहीतर कोरा (प्लेटिंग नसलेला) बार घेऊन आठवड्याला नायलॉन ब्रश आणि शिलाई मशीनचं तेल.

स्लीव्हमध्ये (प्लेटा लावायच्या फिरत्या टोकात) ब्राँझ बुश (आतली गुळगुळीत नळी) पुरे. नीडल बेअरिंग क्लीन-स्नॅचवाल्यांसाठी, त्यांना बार झटकन फिरायला हवा. मधलं नर्लिंग असलेलाच घ्या, स्क्वॉटला शर्टवर पकड राहते.

बार घरी आला की प्लेटा न लावता रॅकवर ठेवा, मधला शाफ्ट हाताने सावकाश फिरवा आणि दोन्ही टोकांकडे बघा. टोकं वर-खाली झाली तर बार वाकडा आहे. मग व्हर्नियरने व्यास मोजा, नर्लिंगवर नाही, गुळगुळीत भागावर. आकडा २८.३ आला आणि बिलावर २९ असेल, तर तेल लावायच्या आधीच परत पाठवा.