गुडघा बदलण्याआधी, आणि बदलल्यानंतरही

माझं वय ४९. देवघर पुसताना उकिडवी बसले होते. उठताना गुडघ्याच्या मागे 'कट्' वाजलं, तेव्हापासून जिना उतरवत नाही. एक्स-रे नॉर्मल. एमआरआयमध्ये 'मीडियल मेनिस्कस पोस्टेरियर रूट टिअर' लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, गोळ्या घ्या. दुसरे टाका घालायला सांगतात. (एक वाचक, लालबाग)

दुसऱ्यांचं ऐका, आणि फार दिवस घालवू नका. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली चंद्रकोरीसारखी गादी. तिची टोकं नडगीत मुळासारखी रुजलेली असतात. मागचं मूळ सुटलं की गादी दिसते जागेवर, पण वजन पडताच कडेला सरकते. प्रयोगशाळेत मोजलं तर मूळ तुटलेल्या गुडघ्यावरचा दाब, गादी पूर्ण काढून टाकलेल्या गुडघ्याइतकाच भरतो. एक्स-रेत गादी दिसतच नाही, म्हणून तो नॉर्मल. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी पाहा: गादी ३ मिमीपेक्षा जास्त बाहेर सरकली आहे का, आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, कितपत शिल्लक आहे. कूर्चा हाडापर्यंत झिजली असेल तर टाक्याचा उपयोग नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. गादीच्या टोकात मजबूत धागे ओवतात, नडगीच्या पुढून मुळाच्या जागेपर्यंत बारीक बोगदा पाडतात, धागे त्यातून ओढून पुढच्या बाजूला बटणावर बांधतात. बिघडतं ते बहुधा घरी. सहा आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नाही, गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, आणि उकिडवं बसणं किमान चार ते सहा महिने बंद. चाळीत संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोड खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. चौथ्या आठवड्यात 'एकदाच' म्हणून उकिडवं बसलात, तर धागा गादी चिरून बाहेर येऊ शकतो.

पाय बाकदार असेल तर नुसता टाका पुरत नाही, कारण सगळा भार पुन्हा त्याच टोकावर येतो. पुढचं उत्तर तुम्हीही वाचा.

वय ५१, दिवसभर उभ्यानं काम. पाय धनुष्यासारखे, दुखणं फक्त आतल्या बाजूला. डॉक्टर म्हणतात नडगी कापून प्लेट टाकू. त्यापेक्षा गुडघाच बदलला तर? (एक वाचक, ठाणे)

तुमच्या वयाला, आणि फक्त आतलीच बाजू झिजली असेल तर, कापणंच बरं. गुडघा तुमचाच राहतो, मांडी घालता येते, आणि पुढे कधी बदलायची वेळ आलीच तर तो रस्ता उघडा असतो.

मुळात दुखणं भाराचं आहे. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, तर सरळ पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. बाकदार पायात आतून. ही रेघ पाहायला खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला लांब एक्स-रे लागतो. झोपवून काढलेल्या फक्त गुडघ्याच्या फिल्मवर कोणी ऑपरेशन ठरवत असेल तर थांबा.

सांध्याखाली साधारण ३.५–४ सेंमीवर आतल्या बाजूनं हाड कापतात, पण बाहेरच्या कडेचं सेंटिमीटरभर मुद्दाम ठेवतात. ती बिजागरी. मग फट हळूहळू उघडतात. ढोबळ हिशेब १ मिमीला १ अंश, पण हाड रुंद असेल तर तो चुकतो, म्हणून एक्स-रेवर मोजूनच ठरवलेलं चांगलं. रेघ मध्याच्या जरा बाहेर, आतल्या कडेपासून रुंदीच्या सुमारे ६२ टक्क्यांवर नेतात. मग प्लेट आणि लॉकिंग स्क्रू. फट १० मिमीच्या वर गेली तर बरेच सर्जन त्यात हाडाची भर घालतात.

घाईनं उघडलं की बिजागरी तडकते. फट पुढच्या बाजूला मागच्याइतकीच उघडली तर नडगीच्या माथ्याचा उतार वाढतो आणि गुडघा पूर्ण सरळ होत नाही. तिसरं तुमच्या हातात आहे: तंबाखू. सिगारेट, गुटखा, मिश्री, काहीही असो, हाड जुळायला उशीर होतो किंवा जुळतच नाही. ऑपरेशनच्या महिना-दीड महिना आधी बंद, आणि हाड भरेपर्यंत बंदच. कुबड्या साधारण सहा आठवडे. दादरचा पूल चढून लोकल धरायचा बेत त्यानंतरच. बाहेरची बाजूही झिजलेली असेल किंवा आमवात असेल, तर हे ऑपरेशन नको.

आईचा गुडघा बदलून १४ महिने झाले. टाक्याजवळून पाणी झिरपतं. अँटिबायोटिक घेतलं की थांबतं, पुन्हा सुरू होतं. (एक वाचक, बोरिवली)

गोळ्यांचा हा खेळ आधी थांबवा, मात्र ताप किंवा थंडी असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यापर्यंत पोचणारं छिद्र म्हणजे इम्प्लांटला जंतुसंसर्ग आहे असंच धरतात. धातूवर जंतूंचा चिकट थर बसतो, तिथे गोळी पोचत नाही, नुसती लक्षणं दबतात आणि कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) खोटं कोरं येतं. प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टर साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवून सांध्यातलं पाणी सुईनं काढतात. लॅबला कल्चर १४ दिवस ठेवायला सांगा, काही जंतू सावकाश वाढतात. जखमेच्या तोंडावरून बोळा फिरवून केलेल्या तपासणीवर विसंबू नका, त्यात कातडीवरचे जंतू येतात.

इतक्या जुन्या संसर्गात बहुधा दोन टप्पे: सगळं इम्प्लांट काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या बोन सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता ठोकळा, सुमारे सहा आठवडे औषध, मग सीआरपी, ईएसआर (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) उतरले की नवा सांधा. दोन-तीन महिने सहज जातात, घरात माणूस लागतो. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, म्हणून बिलात प्रत्येक भागाचं नाव, बॅच नंबर आणि किंमत वेगळी मागा. जुन्या इम्प्लांटचे स्टिकर असलेला कागदही शोधून ठेवा, कोणता सांधा काढायचा आहे हे सर्जनला आधी कळलं तर योग्य अवजारं मागवता येतात.

स्टेम सेलच्या इंजेक्शननं झिजलेला गुडघा भरून येतो का? (एक वाचक, गिरगाव)

नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गुडघ्यासाठी स्टेम सेल हा प्रयोगाचाच भाग आहे, आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पैसे घेऊन देणं बसत नाही. स्वतःच्या कूर्चेच्या पेशी लॅबमध्ये वाढवून भरणं ही गोष्ट वेगळी, स्वीडनमधून १९९४ साली ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. पण ती तरुण गुडघ्यातल्या कूर्चेला पडलेल्या एखाद्या खड्ड्यासाठी. रस्ताच उखडला असेल तिथे खड्डा बुजवून काय होणार?