घरी बांधलेल्या लिमिटरवर (फार मोठा आवाज आपोआप दाबणारं सर्किट) पखवाज फाटतो आणि पावसाळ्यात बुवांचा आवाज आतबाहेर होतो. सर्किटमध्ये काय बदलू?

तुम्ही लिहिलंय की देवगडच्या भजन मंडळासाठी ५४५७ नंबरच्या जेएफईटीवर (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, पुढे नुसता एफईटी) लिमिटर बांधलाय, एका डायोडचा रेक्टिफायर (सिग्नलचं डीसी करणारा भाग) आहे, टायमिंगला ०.१ मायक्रोफॅरॅड आणि ४७० किलोओहम. एफईटी बदलायची घाई करू नका. मी कुडाळात साउंडवाल्यांची अँप्लिफायर दुरुस्त करतो, आणि तुमची दोन्ही लक्षणं मला टायमिंगच्या भागातली वाटतात.

आधी फाटणं. ०.१ आणि ४७० किलो म्हणजे ४७ मिलिसेकंदांचा रिलीज (दाबलेला आवाज पुन्हा मोकळा होण्याचा वेळ). पखवाजाच्या धुम्याचा सूर १०० हर्ट्झच्या आसपास धरला तर एक लाट १० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्यात कपॅसिटर जवळजवळ पाचवा हिस्सा रिकामा होतो. म्हणजे लिमिटर प्रत्येक लाटेमागे गेन, म्हणजे आवाजाची पातळी, हलवतोय. कपॅसिटर ०.२२ चा पॉलिस्टर घ्या (इलेक्ट्रोलिटिक नको, तो आतून गळतो) आणि रेझिस्टर २.२ मेगओहम, रिलीज अर्ध्या सेकंदाजवळ जाईल. डायोडपुढचा १ किलो काढून ४.७ किलो घाला, अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) साधारण १ मिलिसेकंद होईल. थापेचं टोक थोडं निसटेल, पण थाप थापेसारखी वाजेल.

तरीही गजरात आवाज खरखरला, तर टीएल०७२ या दुहेरी ऑप-अँप चिपचा रिकामा अर्धा भाग टायमिंग कपॅसिटरनंतर बफर म्हणून लावा, म्हणजे कपॅसिटरवर पुढच्या भागाचा भार येत नाही. गेट आणि ड्रेन हे एफईटीचे पाय. बफरपासून गेटला १ मेग, आणि ड्रेनपासून गेटला २.२ नॅनोफॅरॅडमधून तेवढाच १ मेग. ड्रेनचा निम्मा सिग्नल गेटला मिळाला की एफईटीची विकृती बरीच उतरते. इथे ०.१ चा कपॅसिटर लावू नका, अटॅक मंदावतो. नंतर गेटचा बायस (स्थिर व्होल्टेज) प्रीसेटने, म्हणजे बोर्डावरच्या फिरत्या रेझिस्टरने, पुन्हा लावावाच लागेल. ५४५७ चा कट-ऑफ (ज्या गेट व्होल्टेजला एफईटी पूर्ण बंद होतो तो) नगागणिक उणे ०.५ ते उणे ६ व्होल्टपर्यंत काहीही निघतो.

आता पावसाळा. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे सगळ्यात मनावर घ्यावं. बोर्डावर सोल्डरिंगची पेस्ट राहिलेली असते, तिच्यावर खारी दमट हवा बसते आणि दोन पट्ट्यांमध्ये काही मेगओहमची वाट तयार होते. १० किलोच्या जागी ती कळतही नाही. पण २.२ मेगच्या शेजारी तेवढीच गळती आली की रिलीज थेट निम्मा. मग झांजेच्या दोन ठोक्यांमध्ये आवाज उसळी मारतो आणि बुवा आतबाहेर ऐकू येतात.

खात्री करून घ्या. लिमिटर चालू ठेवून टायमिंगच्या भागावर हेअर ड्रायरची कोमट हवा दोन-तीन मिनिटं सोडा. वागणं सुधारलं तर दोष दमटपणाचाच. मल्टिमीटर थेट टायमिंग कपॅसिटरवर लावू नका. त्याचे स्वतःचे १० मेग तिथे जोडले जातात आणि वाचन फसवं येतं. बफर लावला असेल तर त्याच्या आउटपुटवर मोजा.

मग वीज काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड दोन्ही बाजूंनी घासा, विशेषतः एफईटीच्या पायांमधली जागा. कडक उन्हात किंवा ड्रायरने पूर्ण सुकवा आणि सुकल्यावर लगेच पीसीबी लॅकरचे दोन हात द्या. प्रीसेटवर आधी चिकटपट्टी लावा, लॅकर आत गेलं तर तो कायमचा बाद. हे काम कोरड्या दिवशीच करा. ओल बोर्डावर असताना लॅकर मारलं तर ती खाली कोंडून राहते.