इंद्रधनुष्य कसं तयार होतं? आणि भर दुपारी ऊन-पाऊस असूनही ते का दिसत नाही?

तुमचा दुसरा प्रश्न आधी धरू, पहिल्याचं उत्तर त्यातच मिळेल.

संध्याकाळी पाचच्या सुमारास झाडांना पाणी घालताना सूर्याकडे पाठ करा आणि पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बारीक फवारा उडवा. तुमच्या डोक्याची सावली कुठे पडलीय ते बघा. हात लांब ताणून त्या सावलीपासून दोन विती मोजा. कमान जवळपास तिथेच सापडते. मी गच्चीवर हे भाचीला दाखवलं, तर तिनेही मोजून पाहिलं. वीत छोटी, पण हातही छोटा, त्यामुळे उत्तर तेच आलं!

या दोन विती म्हणजे साधारण ४२ अंश. सगळी गंमत या आकड्यात आहे. थेंबात शिरताना किरण वळतो, आतल्या मागच्या बाजूवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. (हे 'पूर्ण आंतरिक परावर्तन' नव्हे. बराचसा प्रकाश मागून निसटून जातो, थोडाच परततो.) किरण थेंबावर कुठेही पडला, तरी असा एकदा परतलेला तांबडा प्रकाश ४२ अंशांपलीकडे जात नाही, आणि त्या कडेपाशीच किरणांची दाटी होते. जांभळा जास्त वळतो, म्हणून त्याची दाटी ४० अंशांवर. तानापिहिनिपाजातले बाकीचे रंग या दोन अंशांत बसतात. एका थेंबाकडून एका वेळी तुमच्या डोळ्यात एकच रंग येतो. वरच्या थेंबांकडून तांबडा, खालच्यांकडून जांभळा.

सावलीभोवती सगळीकडून ४२ अंश म्हणजे वर्तुळच झालं. खालचा भाग जमीन खाते, उरते ती कमान. विमानातून कधीकधी पूर्ण वर्तुळ दिसतं.

आता दुपार. श्रावणात आपल्याकडे बारा-साडेबाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे सावली पायाशी आणि अख्खं वर्तुळ क्षितिजाखाली. सूर्य ४२ अंशांच्या खाली उतरल्याशिवाय आकाशात कमान येणं शक्यच नाही. ऑगस्टमध्ये त्यासाठी दुपारचे चार तरी वाजतात. म्हणून सकाळी इंद्रधनुष्य पश्चिमेला शोधा, संध्याकाळी पूर्वेला.

दिसलंच, तर त्याच्या बाहेर, ५१ अंशांच्या आसपास, फिकट दुसरं धनुष्य आहे का तेही बघा. थेंबात दोनदा परतलेल्या प्रकाशाचं ते. त्याचे रंग उलटे असतात, तांबडा आतल्या बाजूला. आणि दोन्हींच्या मधला आकाशाचा पट्टा चक्क काळपट दिसतो.