'ओपन द लाइट' म्हणणारी विद्यार्थिनी

चि. यास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. तुझ्याकडे ऑनलाइन इंग्रजी शिकणारी शांघायची विद्यार्थिनी तास चालू असताना 'वेट, आय ओपन द लाइट' म्हणत दिवा लावायला उठली आणि तुला हसू आवरलं नाही. मग ती उरलेला तास जेवढ्यास तेवढं बोलली. पुढच्या वेळी असं वाक्य कानावर आलं की आधी आपल्या 'लावणे'कडे बघ. आपण दिवा लावतो, झाड लावतो, कुकर लावतो, चष्मा लावतो, पैज लावतो, एखाद्याला जीव लावतो. हे सगळं एकाच इंग्रजी क्रियापदात बसवायला गेलो, तर आपलंही हसंच होईल.

चिनी भाषेतलं असं 'लावणे' म्हणजे 'खाय', एकाच अक्षराचा शब्द. शब्दकोशात पहिला अर्थ 'ओपन' असाच दिलेला असतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. दार, खिडकी, दुकान हे खाय होतं, तसाच दिवाही खाय होतो. गाडी चालवणं, बैठक घेणं, डॉक्टरांनी औषध लिहून देणं, थट्टा करणं, या सगळ्यांतही हेच अक्षर. फूल उमललं तरी खाय, पाणी उकळलं तरी खाय. सिंगापूरला एका खासगी क्लासात शिकवत असताना एका मुलाने वहीत लिहिलं होतं, 'व्हेन वॉटर ओपन, पुट नूडल्स.' मी लाल पेन उचललं आणि मग तसंच धरून बसलो. त्याच्या डोळ्यांपुढे पातेल्यातलं पाणी खदखदून वर फुटत होतं. वाक्य चूक, पण चित्र पक्कं होतं. (त्या शहराची आणखी एक गंमत म्हणजे रस्त्यावरची साधी माणसंही 'ओपन द लाइट' म्हणतात. मी वर्गात खोडायचं आणि पोराने खाली कॉफीच्या टपरीवर तेच ऐकायचं.)

जुन्या, पारंपरिक लिपीत हे अक्षर म्हणजे दाराची दोन फळ्या असलेली चौकट आणि आत अडसर काढणारे दोन हात. चीनमध्ये 1956 साली लिपी सोपी केली, त्यात चौकट गेली, अडसर आणि हात तेवढे उरले. मला वाटतं, शब्दाचा आजचा वापरही तसाच आहे. दार असो नसो, अडलेलं मोकळं झालं की खाय.

इंग्रजीचं 'ओपन' मात्र झाकण, दार, पान, डोळा असलं काहीतरी मागतं, म्हणजे आत-बाहेर असणारी वस्तू. दिव्याला आत-बाहेर नाही. तिथे 'टर्न ऑन' येतं, कारण गॅसच्या दिव्याची चावी खरोखरच फिरवावी लागायची आणि विजेची सुरुवातीची बटणंही फिरवायचीच असत. आपण नाही का तेलाच्या समईचं 'लावणं' ट्यूबलाइटपर्यंत ओढत आणलं? विद्यार्थिनीला एवढी गोष्ट सांगितलीस तरी पुरे. पहिल्या वर्षी मी 'ओपन'च्या अकरा अर्थांचं छापील पान वाटलं होतं. आठवड्याने ते एकाच्या दप्तरात डब्याखाली सापडलं. अर्थ पाठ करून घेऊ नकोस, पुढचं नाम धरून शिकव.

खरा त्रास दिव्याचा नाहीच, तो दोन महिन्यांत सुटतो. वर्षानुवर्षं सुटत नाही ते 'द शॉप इज ओपन्ड' आणि 'द शॉप इज क्लोज'. यात विद्यार्थ्याचा दोष थोडा आणि इंग्रजीचा जास्त. उघडं असण्याला नुसतं 'ओपन', बंद असण्याला मात्र 'क्लोज्ड'. जोडीतल्या एकालाच शेपूट! नियम सांगत बसलास तर तो दोन्हीकडे शेपूट लावेल नाहीतर दोन्हीकडचं कापेल.

इथे तुझं मराठी असणं कामाला येतं. आपण 'दार उघडं आहे' आणि 'दार उघडलं' यांत कधी गोंधळत नाही. चिनीतही हा भेद आहे. 'मन खाय-च' म्हणजे दार उघडं आहे, 'मन खाय-ल' म्हणजे दार उघडलं. तेव्हा वाक्य आधी तिच्याच भाषेत म्हणायला लाव. 'च' आला तर 'इज ओपन'. 'ल' आला आणि गोष्ट होऊन गेलेली असली, तर 'ओपन्ड'. दर वेळी तंतोतंत जुळणार नाही, पण दहातल्या आठ वेळा निभतं. हे काम लिहूनच करून घे. चिनी अक्षराचा उच्चार 'न'वर थांबू शकतो, त्याच्यापुढे 'ड' जोडायची जिभेला सवय नसते. त्यामुळे तिचं 'ओपन' आणि 'ओपन्ड' कानाला सारखंच लागेल आणि चूक झाली की नाही हे तुला कळणारच नाही.

तू विचारलेल्या कॅमेऱ्याचं सांगतो. फोनमधलं कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडायचं असेल तर 'ओपन' बरोबर. तासाला चेहरा दिसायला हवा असेल तर 'टर्न ऑन युअर कॅमेरा'. ही हद्द जरा पुसटच आहे, तिथे फार ताणू नकोस. आणि तू स्वतः तासाला 'प्लीज ऑन युअर माइक' म्हणतोस की काय, तेही एकदा रेकॉर्डिंग लावून ऐक. आपल्याकडची ती खास सवय आहे.

पुढचा तास तिला स्वयंपाकघरातून घ्यायला सांग. हातात फोन, एकेका वस्तूपाशी जायचं आणि बोलायचं. फ्रिज, बरणी, खिडकी, मग नळ, शेगडी, दिवा. राइस कुकरपाशी मात्र जरा थांब. झाकण 'ओपन' आणि कुकर 'टर्न ऑन', एकाच वस्तूवर दोन्ही. तिथे ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझे सर